सासूबाईंची उत्कृष्ट कवळी

रविवार, ५ तारीख

ही वही कधीची आणून ठेवली होती, आज उघडली. कारण आजचा दिवस साधा नाही. आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी माझ्यावर संदेश दिला. माझं नाव घेतलं नाही, पण संपूर्ण वेळ ते माझ्याकडेच बघत होते. (बायको म्हणते, तुम्ही खांबाला टेकून बसता आणि खांबावर घड्याळ आहे. तिला या गोष्टींतलं फारसं कळत नाही.)

संदेश उत्कृष्टतेवर होता. पाळकसाहेब म्हणाले, आपण विश्वासणारे लोक रविवारी देवापुढे नीटनेटके उभे राहतो आणि सोमवारी कामाला लागलो की 'चालतंय' म्हणतो. खुर्चीचा पाय डुगडुगतो, चालतंय. भाजी करपली, चालतंय. "आपलं काम माणसासाठी नाही, प्रभूसाठी आहे असं समजा आणि मग चालतंय म्हणून दाखवा," असं म्हणून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मी कवळ्या करतो. डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात, मी त्यावर दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो आणि परत पाठवतो. आजवर किती लोकांच्या तोंडात माझं 'चालतंय' बसलं असेल, देव जाणे.

त्यात शेजारी सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात. त्यांची कवळी कुणा परक्या कारागिरानं फार वर्षांपूर्वी केलेली आहे. पिवळी पडलीय, पुढचा एक दात तिरपा, त्याच्या शेजारच्याचा कोपरा उडालेला. गाताना त्या वरच्या पट्टीत गेल्या की ती टक् वाजते. सगळ्या मंडळीला त्या टक्ची इतकी सवय झालीय की काही लोक त्यावर ताल धरतात. कवळ्या करणाऱ्या माणसाच्या सासूच्या तोंडात हे प्रकरण, आणि मी शेजारी उभा राहून खुशाल गीत गातोय. मला लाज वाटली.

शेवटी सूचना झाल्या. २६ तारखेला चर्चचा वर्धापनदिन आहे. दरवर्षीप्रमाणे पहिलं कडवं सासूबाई एकट्या गाणार. त्याआधी कुणीतरी 'रोजच्या जीवनातली उत्कृष्टता' यावर साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा आहे. दोन्ही गोष्टी माझ्याच घरातून व्हाव्यात अशी मी तिथल्या तिथे प्रार्थना केली. नम्रपणे केली.

मंगळवार, ७ तारीख

उत्कृष्टतेची सुरुवात घरापासून. सकाळी कपाटातले सगळे टॉवेल काढून एका मापाच्या घड्या घातल्या. बायकोनं आंघोळीला जाताना नेमका सगळ्यांत खालचा ओढला. मी पुन्हा रचले. मग बूट पॉलिश केले. वरून सगळेच करतात, म्हणून तळव्यांनाही केलं. बाहेरच्या खोलीत पाय ठेवला आणि सपशेल आडवा झालो. कंबर दुखतेय, पण बूट सर्व बाजूंनी सुंदर दिसतात.

दुपारी जेवणापूर्वी प्रार्थना नीट केली. एरवी आपण 'या अन्नाबद्दल' म्हणून उरकतो. मी ताटातल्या प्रत्येक पदार्थासाठी वेगळे आभार मानले. मिठापर्यंत आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, देवाला कळलंय. आता वाढू का?" वरण गार झालं होतं.

जेवताना सासूबाईंपुढे विषय काढला. म्हटलं, "आई, तुम्हाला नवी कवळी करतो."

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "माझी ही दगड फोडते."

"प्रश्न दगडाचा नाही, साक्षीचा आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही स्वतः करणार? माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "अर्थात."

"मग करा," म्हणाल्या आणि चष्मा काढून उगाचच पुसत बसल्या. म्हाताऱ्या माणसांना पटवायला जरा युक्ती लागते. ती मला आहे.

शनिवार, ११ तारीख

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या तोंडाचं माप पाठवलं. दातांचा रंग निवडायचा होता. माझ्याकडे दातांची खोकी आहेत, पिवळसरपासून पांढऱ्यापर्यंत. सगळ्यांत पांढरं खोकं कुणी मागत नाही, त्यामुळे ते पडून होतं. तेच उघडलं. प्रभूला द्यायचं तर पिवळट कशाला द्या?

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, या वयाला इतके पांढरे शोभत नाहीत. तोंडात दिवा लावल्यासारखं दिसेल."

"तोच हेतू आहे," मी म्हटलं.

"आणि बसवल्यावर दोन-तीनदा बोलावून घ्या. नवी कवळी टोचतेच. विचारून विचारून घासावी लागते."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की उत्कृष्ट काम पुन्हा घासावं लागत नाही. त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्यांनाही पटलं असेल.

दात मेणात बसवून संध्याकाळी सासूबाईंच्या तोंडात घालून पाहिले. पक्कं करण्याआधी ही चाचणी घ्यावी लागते. प्रसंग मोठा होता म्हणून मी त्यांच्यासमोर उभं राहून प्रार्थना केली. प्रार्थना रंगली. माझ्या हातांसाठी, माझ्या दृष्टीसाठी, माझ्या धंद्यासाठी, अशी ती वाढत गेली. संपली तेव्हा मेण तोंडातल्या उबेनं मऊ झालं होतं आणि दात थोडे इकडेतिकडे सरकले होते. मी ते डोळ्यांच्या अंदाजानं परत ओळीत आणले. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. तोंडात मेण होतं म्हणा, पण चेहऱ्यावर तक्रार दिसली नाही. डोळे मिटलेले होते.

गुरुवार, १६ तारीख

झाली. अशी कवळी मी जन्मात केली नाही. एकेक दात सैनिकासारखा ताठ, पॉलिश असं की त्यात माझा चेहरा दिसतो. मी बराच वेळ पाहत होतो.

सासूबाईंनी ती तोंडात घातली, दाबली, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं या बाईनं माझ्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. माझे शर्ट, माझं घोरणं, मी दार लावतो त्याचा आवाज. आणि आज कृतज्ञतेचे अश्रू. "कशी वाटते, आई?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. चांगलाच घट्ट धरला, नखं रुतली.

बायको बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आई, अगदी… पांढरे आहेत."

पोस्टमन आला होता. सासूबाईंनी दार उघडून त्याच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. तो एक पायरी मागे सरकला.

जुनी कवळी मी घराखालच्या माझ्या दुकानात नेली आणि रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात ठेवली. पुढे पुठ्ठ्यावर लिहिलं, 'असे नसावे.' लोकांना शिकायला मिळेल.

सोमवार, २० तारीख

घरात मोठा बदल झाला आहे आणि त्याचं श्रेय मी घेणार नाही, फक्त नोंद करतो.

सासूबाई बोलत नाहीत. सकाळी माझ्या कॉलरवर टूथपेस्ट लागली होती, त्यांनी पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढा संयम मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. जेवायला बसतात पण सुपाचे दोन घोट घेऊन उठतात. "आई, घ्या ना," म्हटलं की मान हलवतात. दुपारी खोलीचं दार लावून घेतात. मी बायकोला म्हटलं, "बघ, एका उत्कृष्ट कामाचा माणसावर केवढा परिणाम होतो. मौन, उपास, एकांतात प्रार्थना."

बायको म्हणाली, "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"दुसरं काय असणार?"

ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात आतून सासूबाईंनी भिंतीवर थाप मारली आणि ती गेली. परत आली तेव्हा दाराच्या चौकटीशी उभी राहून म्हणाली, "आई म्हणते, तुम्हाला काही सांगायचं नाही." बरोबरच आहे. स्तुतीनं माणूस बिघडतो.

संध्याकाळी पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते भारावले. साक्ष मीच द्यायची ठरलं. साक्षीनंतर लगेच सासूबाई उभ्या राहतील, मंडळीला नवे दात दाखवतील आणि मग गातील. क्रम मी सुचवला.

बुधवार, २२ तारीख

चोरी. सकाळी दुकान उघडलं तर काचेच्या कपाटातली जुनी कवळी गायब. कुलूप शाबूत, पुठ्ठा जागच्या जागी. 'असे नसावे' आणि मागे काहीच नाही. येणारे-जाणारे थांबून रिकामी जागा बघत होते.

माझा संशय सरळ रस्त्याच्या पलीकडच्या कवळीवाल्यावर गेला. त्याला माझं बरं झालेलं बघवत नाही. मी त्याच्या दुकानात जाऊन खडसावलं. तो आधी ऐकत राहिला, मग म्हणाला, "तुम्ही माझ्यावर तुमच्या सासूची जुनी कवळी चोरल्याचा आळ घेताय, हे मला एकदा नीट सांगा, म्हणजे घरी जाऊन सांगता येईल." मी नीट सांगितलं. तो खाली बसला आणि पोट धरून हसला. गुन्हेगार असाच हसतो.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, वर बघितलं नाही. "जाऊ द्या हो. उंदरानं नेली असेल."

"उंदीर कुलूप उघडतो?"

"हल्लीचे उंदीर…" एवढं बोलून ती खोकायला लागली.

शुक्रवार, २४ तारीख

बायकोचं खरं निघालं. दुपारी सासूबाईंच्या खोलीवरून जात होतो तर आतून कुरूम कुरूम आवाज. दाणे खाल्ल्यासारखा, चांगला जोरात. त्या बिचाऱ्या आत प्रार्थनेत आणि हा पलंगाखाली मेजवानी झोडतोय. मी दार वाजवलं. आवाज थांबला. "आई, तुमच्या खोलीत उंदीर आहे," मी बाहेरूनच म्हटलं. आतून उत्तर आलं नाही.

पिंजरा आणला, बिस्किटाचा तुकडा लावून त्यांच्या दाराशी ठेवला. संध्याकाळी बघतो तर पिंजरा मिटलेला, बिस्किट गेलेलं, उंदीर नाही. भलताच हुशार आहे.

साक्षीचा मजकूर पूर्ण झाला. आरशासमोर उभं राहून तीनदा वाचून पाहिला.

रविवार, २६ तारीख

आजचं लिहितो. सगळं जसं झालं तसं.

चर्च भरलं होतं. माझी साक्ष उत्तम झाली. टॉवेलपासून सुरुवात केली, बुटांच्या तळव्यांवर आलो (लोक हसले, बहुधा आनंदानं), आणि मग कवळी. म्हटलं, "बंधुभगिनींनो, मी हे दात माणसासाठी केले नाहीत." मग मी सासूबाईंना हात करून पुढे बोलावलं.

त्या हळूहळू आल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि हसल्या. पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. ऑर्गन सुरू झाला, त्यांनी श्वास घेतला आणि पहिली ओळ उचलली.

मला वाटलं कुणीतरी शिट्टी वाजवली. आवाज सासूबाईंच्या तोंडातून येत होता. दुसऱ्या ओळीला वरचे दात खाली उतरले आणि गीत तिथेच अडकलं. ऑर्गनवाल्या बाईंनी परत सुरुवात केली. परत शिट्टी. पाळकसाहेब जमिनीकडे बघू लागले. सासूबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. गेली कित्येक वर्षं हे कडवं त्यांचं आहे, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा त्यांनी ते सोडलं नव्हतं, आणि आता त्या सगळ्यांसमोर मुक्या झाल्या होत्या.

मग त्यांनी मंडळीकडे पाठ केली. पर्समध्ये हात घातला. कोपर दोनदा हलला. वळून त्यांनी काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं, गरम आणि ओलं, आणि गायला लागल्या. पुढचा दात तिरपा, शेजारच्याचा कोपरा उडालेला. वरच्या पट्टीत गेल्यावर टक् झालं आणि सगळ्या चर्चनं, काय सांगू, एकदम गळा मोकळा सोडला. इतकं मोठ्यानं गाणं मी तिथे कधी ऐकलं नव्हतं.

मी संपूर्ण गीतभर नवी कवळी हातात धरून उभा होतो. ठेवणार कुठे?

घरी आलो तो संतापानंच. एका दमात चोर आणि उंदीर दोन्ही सापडले होते, आणि दोन्ही माझ्याच घरचे. बायकोनं शांतपणे कबूल केलं की दुकानाची किल्ली तिनं घेतली, कवळी तिनं काढली, कारण आईला काहीतरी खाता यावं. पिंजऱ्यातलं बिस्किट सासूबाईंनी काठीनं काढलं होतं.

"आई," मी म्हटलं, "मी ते दात प्रभूसाठी केले होते."

"मग प्रभूलाच घाला," सासूबाई म्हणाल्या. "मला जेवायचंय."

बायकोला हसू आवरेना. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मग बायको एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "आई, दाखव यांना." सासूबाई नको म्हणत होत्या. तिनं दाखवायला लावलंच. दोन्ही बाजूंच्या हिरड्या सोलून निघाल्या होत्या. एका जागी जखम झाली होती. मी रोज तोंडांच्या साच्यांत काम करतो, साच्याला कधी जखम होत नाही. मी दिवा जवळ आणून पुन्हा पाहिलं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "बाकी सगळं बोलता. माझ्या शर्टाबद्दल बोलता."

त्यांनी जुनी कवळी परत तोंडात बसवली. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यासाठी आपणहून काही केलंत ते हे पहिलंच. इतके खूश होतात. म्हटलं, होईल सवय."

मी खाली दुकानात येऊन बसलो. ती पांढरीशुभ्र कवळी समोर ठेवली आहे. तिच्यात खोट काढायला बसलो तर काढता येत नाही. फक्त ती कुणाच्या तोंडाची नाही. मला खूप वाईट वाटतंय. एवढंच लिहितो.

गुरुवार, ३० तारीख

जखमा जरा भरल्या म्हणून आज सासूबाईंना दुकानात आणून स्टुलावर बसवलं. काचेच्या कपाटातला पुठ्ठा आधीच काढून टाकला होता. नवी कवळी त्यांच्या तोंडात घातली आणि विचारलं, "कुठे टोचतं?"

हा प्रश्न विचारला आणि चूक झाली असं वाटलं. त्यांनी सांगायला जी सुरुवात केली ती दुपारपर्यंत. इथे टोचतं. आता तिथे टोचतं. तिथलं घासलंत तर इथे ढिली झाली. जिभेला लागते. गालाला लागते. मी काढायचो, घासायचो, परत घालायचो. सैनिकांच्या रांगेतला एकेक जण वाकवावा लागला. पॉलिश गेलं. पुढचा एक दात त्यांनी मुद्दाम तिरपा करून घेतला, म्हणाल्या त्याशिवाय जीभ कुठे थांबवायची ते कळत नाही. आता ती कवळी कुणाला दाखवायच्या लायकीची राहिली नाही.

मध्येच पाळकसाहेब आले. माझी समजूत घालायला आले असावेत, पण स्वतःच ओशाळलेले दिसत होते. म्हणाले, "लोक मला विचारतात, साहेब, उत्कृष्टता म्हणजे नक्की काय? मी त्यांना सांगतो, आपल्या कवळीवाल्यांच्या सासूबाईंना विचारा, त्यांनी दहा दिवस ती तोंडात ठेवली होती." मला हे नीट कळलं नाही. कवळी तर मी केली होती. पण सासूबाईंसमोर वाद नको म्हणून मान हलवली.

ते गेल्यावर शेवटचं घासून दिलं. सासूबाईंनी खिशातून दाणे काढले, खाल्ले, विचार केला आणि म्हणाल्या, "हं." मग लगेच म्हणाल्या, "तुमची कॉलर मळलीय. आणि तुम्ही डाव्या बाजूनं का चावता? मी रोज बघते, जेवताना सगळा घास डावीकडे." मी म्हटलं, काही नाही, सवय. त्यांनी टेबलावरचा माझा छोटा आरसा उचलला आणि म्हणाल्या, "उठा. तुम्ही बसा इथे."

मी बसलो. "तोंड उघडा." उघडलं. त्या चष्म्यावरून बराच वेळ आत बघत होत्या, दिवा ओढून घेतला, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "अगदी मागची दाढ," म्हणाल्या. "पार किडलीय. दुखत असेल रोज." मग जरा थांबून विचारलं, "आजवर कुणाला सांगितलं का नाहीत?" त्यांचं बोट दाढेवर होतं, त्यामुळे मला बोलता येईना. मी तसाच तोंड उघडून बसून राहिलो, आणि त्या सावकाश, जराही न दुखवता, कुठे टोचतं ते बघत राहिल्या.